जमीनच विकत घेणारी माणसं
प्राचीन स्थळं जपणाऱ्या संस्था म्हणजे निवृत्त प्राध्यापकांचा छंद, असं मत वाचलं; ते पटलं नाही. अमेरिकेतली आर्किऑलॉजिकल कॉन्झर्व्हन्सी बघा, स्थापना १९८०. संस्थापकांत मार्क मिशेल यांच्यासोबत जे लास्ट, म्हणजे फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही चिप बनवणारी कंपनी काढणाऱ्या आठांपैकी एक! (चिपवाला माणूस खापरांच्या नादी लागला, याची मला भारी गंमत वाटते.) तिथला प्राचीन अवशेषांच्या संरक्षणाचा १९७९ चा कायदा केंद्र सरकारच्या आणि मूलनिवासींच्या जमिनींपुरताच. खाजगी शेतातली प्राचीन वस्ती मालकाने नांगरली, तर बहुतेक वेळा त्याला अडवता येत नाही. म्हणून ही मंडळी सरळ जमीनच घेतात. तेव्हा मालकाला राजी करणारे, देणग्या जमवणारे, खरेदीखतं बघणारे लोकही तितकेच लागतात. शिवाय घेतली की लगेच खणत नाहीत. बराचसा भाग पुढच्या संशोधकांसाठी राखून ठेवतात.