आयएसएला ट्रिम नका लावू

भाऊ, एक्सएमएलवरून एक्स१२ (कंपन्यांमधल्या ऑर्डर-बिलांच्या देवाणघेवाणीचा फॉरमॅट) फाइल बनवताना सगळीकडे ट्रिम लावा, म्हणजे कडेचे जादा स्पेस काढा म्हणताय, पण आयएसए सेगमेंटला, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या हेडरला, तेवढं नका करू. तो फिक्स १०६ कॅरेक्टरचा असतो, सेंडर-रिसीव्हर आयडी प्रत्येकी १५, आयडी ९ आकडी असला तरी शेवटी ६ स्पेस हवेतच. जळगाव एमआयडीसीत एका पाइपवाल्याकडे माझ्या हातून हे झालंय, स्पेस उडाले, समोरचा फाइल वाचणारा पार्सर १०६व्या जागेवरचं कॅरेक्टर सेगमेंट टर्मिनेटर (सेगमेंट संपल्याची खूण) धरतो, तिथं पुढच्या जीएस सेगमेंटमधलं भलतंच अक्षर आलं न् अख्खी फाइल रिजेक्ट, पूर्ण रात्र गेली शोधण्यात. बाकी सेगमेंटमधले शेवटचे स्पेस खुशाल काढा. आणि एक्सेलमधून आलेल्या नावात कोड १६० वाला नॉन-ब्रेकिंग स्पेस असला तर एक्सेलच्या ट्रिमने तो जात नाही, आधी तो साध्या स्पेसने रिप्लेस करा.