सायकल, नदीकाठ आणि वाटेतली जुनी चर्चेस : तुमचे अनुभव लिहा

मासुंदा
गेल्या आठवड्यात वाईला गेलो होतो. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा बघून कृष्णेच्या घाटावर उतरलो आणि समोर ती मोठी घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आणि १७०७ साल. फोटोत कितीदा पाहिली होती. पण हात लावला, धातू गार लागला आणि मला एकदम सत्त्याण्णवचा डिसेंबर आठवला.

मी अकरावीत, मावसभाऊ इंजिनीअरिंगला. ठाण्यातल्या चरईतून पहाटे साडेचारला निघालो. त्याची हर्क्युलस, माझी लेडीबर्ड, कॅरिअरला दशम्या बांधलेल्या. घोडबंदर रोडवर तेव्हा कासारवडवलीच्या पुढे काळोख असायचा. गायमुखच्या चढावर उतरून सायकली ढकलल्या. उजवीकडे खाडी दिसत नव्हती, चिखलाचा वास तेवढा येत होता. वर्सोव्याच्या पुलावर ट्रक शेजारून गेला की पूल थरथरायचा, ते हँडलमधून तळहाताला कळायचं. पलीकडे ससूनवघरला दादाचं मागचं चाक बसलं. ट्रकचे टायर काढणाऱ्या माणसाने पंक्चर काढून दिलं, पैसे घेतले नाहीत.

वसई फाट्याला वळून स्टेशन, मग पारनाका आणि पुढे सगळं हिरवंगार. केळी, विड्याच्या पानांचे मांडव, प्रत्येक वळणावर एक क्रूस. किल्ल्यातल्या सेंट जोसेफच्या मनोऱ्याच्या जिन्याने वर गेलो. जिना इतका अरुंद की खांदे दोन्ही भिंतींना घासत होते. वर घंटेची जागा रिकामी.

परत येताना एका वाडीत पाणी मागितलं. लाल लुगडं नेसलेल्या आजी विहिरीवर होत्या. कळशी तशीच पुढे केली आणि म्हणाल्या, "देऊळ बघितलं का?" आम्हाला वाटलं शंकराचं. त्या चर्चला देऊळ म्हणत होत्या! दादाने विचारलं, आजी, वरची घंटा कुठे गेली? "ती चिमाजी आप्पांनी नेली. कुठे दिसली तर सांगायला या."

हो म्हटलं आणि निघालो. परत कधी गेले नाही. घाटावर उभी असताना तेच मनात. मेणवलीची घंटाही वसईच्याच मोहिमेतून आणलेली. ती नेमकी कुठल्या देवळातली ते काही कळायचा मार्ग नाही, पण मी हो म्हटलं होतं.

असं नदीच्या काठाने, जुन्या चर्चेसच्या गावांतून कोणी सायकल चालवली असेल तर लिहा ना. वसईच पाहिजे असं नाही.

कोलशेतकर
तो पूल!!! आम्ही तर एका हाताने डोक्यावरची टोपी धरून जायचो, ट्रकच्या वाऱ्याने उडायची. आता बाजूला नवा पूल झालाय, पण सायकलवाल्यांनी भाईंदरची रो-रो (गाड्या नेणारी फेरीबोट) घ्यावी. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई किल्ल्याची जेट्टी, सायकल चढवता येते, पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. हायवेचा सगळा धूर वाचतो. मागे उभं राहून पाणी बघा, हीच आपली उल्हास. राजमाचीच्या डोंगरात उगम, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्यापाशी येते आणि इथे समुद्राला मिळते.

तिखटमीठ
दशम्या दुधातल्या का गुळाच्या? 😊 वाचताना भूक लागली. कुकर लावलाय, नंतर नीट वाचते.

मासुंदा
@तिखटमीठ दुधातल्या, आईच्या हातच्या. सोबत लसणाची चटणी.

पारनाका
माहेर वसई, लग्नानंतर वीस वर्षं ठाण्यात. आजींचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. हो, आमच्याकडे देऊळच म्हणतात. "देवळात मिस्सा किती वाजता?" असंच विचारतात. ऑफिसमध्ये मी पहिल्यांदा बोलले तेव्हा बाजूची मुलगी चमकली होती.

सायकल म्हणाल तर आम्हा पोरींचं सगळं आयुष्य सायकलवर. शाळा सायकलवर, पहाटे मोगरा स्टेशनवर पोचवायचा तो सायकलवर. दोन्ही हँडलला टोपल्या, वर ओलं फडकं. मोगरा उमलायच्या आत पहिली गाडी पकडायची, म्हणून बाबा अंधारात पेडल मारायचे. त्यांच्या शर्टाला पाठीवर कायम मोगऱ्याचा वास. बाबा गेले तेव्हा तो शर्ट मी ठेवून घेतला, धुतला नाही बरेच दिवस.

बावखलं होती ना, वाडीतली तळी, त्यांच्या काठाने वाट असायची. पावसात पाणी तिथे मुरायचं म्हणून उन्हाळ्यात विहिरी गोड राहायच्या. आता कितीतरी बुजवली. आमचे लेखक-धर्मगुरू दिब्रिटो फादर आयुष्यभर हेच सांगत राहिले, झाडं आणि पाणी राखा. जुलै २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा मी नंदाखालला गेले होते. देवळाबाहेर सायकलींची रांग, जुन्या काळ्या सायकली, म्हाताऱ्या माणसांच्या. फादरांच्या गाडीपेक्षा मला तीच रांग लक्षात राहिली.

किल्ल्यात आलात तर गोन्सालो गार्सियांच्या देवळात थांबा. वसईचाच मुलगा, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर चढवला, १८६२ मध्ये संत झाला. आमच्याकडे त्याचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात.

गायमुख
@पारनाका ताई, शर्टाचं वाचून थांबलो जरा. माझ्या वडिलांची ॲटलास अजून गच्चीवर आहे, विकायला मन होत नाही.

उनाड
ॲटलास विकू नका! ब्रेकच्या सळ्या मिळतात अजून, जुन्या सायकलवाल्याकडे विचारा.

ऐरोलीकर
कंपनीने व्हिएन्नाला सहा महिने पाठवलं होतं, २०१८. बायको आली तेव्हा दोघांनी डॅन्यूबच्या काठाने मेल्क ते क्रेम्स सायकल केली, साधारण ३६ किमी. ते खोरं म्हणजे वाखाऊ, २००० सालापासून जागतिक वारसा यादीत. रस्ता सपाट, एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला द्राक्षं आणि जर्दाळू. मेल्कचा पिवळा मठ कड्यावर इतका मोठा की तासभर सायकल चालवली तरी मागे वळलं की दिसतोच.

मला आवडलं ते सांक्ट मिखाएल नावाचं छोटं चर्च, तटबंदी असलेलं. त्याच्या छपराच्या कण्यावर सात छोटे प्राणी बसवलेत. गावातली गोष्ट अशी की एके वर्षी बर्फ छपरापर्यंत चढलं आणि ससे वरून पळाले, बर्फ वितळल्यावर तिथेच राहिले. बायको म्हणाली, आपल्याकडे हीच गोष्ट पुराच्या पाण्याची झाली असती.

स्पिट्झला नदी ओलांडायला तराफा आहे, त्याला इंजिनच नाही. नदीवर आडवी तार, तराफा त्या तारेला बांधलेला. नावाडी सुकाणू वळवतो आणि प्रवाहच ढकलून पलीकडे नेतो. आवाज शून्य. सायकलला टेकून उभे होतो, फक्त पाणी. पलीकडे एका आजोबांनी झाडाखाली पडलेले जर्दाळू बायकोच्या ओढणीत ओतले, एक शब्द न बोलता. आम्हाला जर्मन येत नव्हतं, त्यांना इंग्रजी. मासुंदाताईंच्या आजी वाचल्यावर ते आजोबा आठवले.

तिखटमीठ
कुकर झाला, सगळं वाचलं. @पारनाका सुकेळी ठाण्यात कुठे मिळतात हो? सासूबाईंना हवीत, खऱ्या राजेळीची. जांभळी नाक्याला विचारलं, भलतंच काहीतरी दिलं.

पारनाका
@तिखटमीठ मी आणून देते, भावाच्या वाडीतली. उन्हात वाळवून केळीच्या सोपटात बांधतात, दाबून बघायचं, मधासारखा रंग पाहिजे. व्यनि (खाजगी निरोप) करा.

तिखटमीठ
किती गोड आहात! केला.

रानजाई
आमचं गोव्यातलं. दिवाडी बेट, मांडवीच्या मधोमध. जुन्या गोव्याहून फेरीबोट. पावसाळा नुकताच संपलेला, खाजणात भात पिवळं झालेलं. मुलगा बारा वर्षांचा, त्याचा पहिला मोठा सायकल प्रवास. पिएदादच्या टेकडीवरचं चर्च गाठायचं होतं. शेवटच्या चढावर त्याची चेन उतरली आणि तो रडकुंडीला आला. चेन बसवायला शिकला तो तिथेच, चर्चच्या पायऱ्यांवर, हात काळे करून. वर पोचल्यावर नदीपलीकडे जुन्या गोव्याची चर्चेस झाडीतून डोकं काढून उभी. से कॅथेड्रलला एकच मनोरा का, असं त्याने विचारलं. दुसरा १७७६ मध्ये पडला, म्हणून.

मासुंदाताईंच्या घंटेसारखीच एक गोष्ट तिथे उलट बाजूने ऐकली. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरचं. पोर्तुगीजांनी पाडलं तेव्हा देव नदी ओलांडून नार्व्याला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आम्ही दुसऱ्या दिवशी फेरीने सायकली घेऊन तिकडेही गेलो. मुलाने दोन्हीकडे चप्पल काढली, मी सांगितलं नव्हतं.

उल्हास_बदलापूर
आमच्याकडे नदी आहे, सायकल आहे, चर्च वाटेत लागत नाही 🙂 कोंडेश्वरला जातो दर रविवारी. बारवीकडच्या रस्त्याला खड्डे फार झालेत, कोणी जाणार असेल तर जाड टायर लावा.

उनाड
@उल्हास_बदलापूर किती इंची लावता?

गायमुख
एक सांगायचं राहिलं. @मासुंदा, तुमच्या नावाच्या तलावाशेजारीच सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च आहे. रोज तिथून जातो आपण आणि जुनी चर्चेस बघायला वसई, गोवा! ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांच्याही आधीचा. १३२१ मध्ये चार ख्रिस्ती साधू ठाण्यात मारले गेले, त्याची नोंद त्या वेळच्या प्रवाशांनी करून ठेवलीय. मी रविवारी सकाळी लेकीला घेऊन सायकलवर जातो, तिला आतली शांतता आवडते. नंतर तलावपाळीला भेळ ठरलेली.

नेरूळ_नाका
पाम बीचवर चालवतो रोज, पण असं काही नाही आमच्याकडे. सायकल लोकलमधून नेता येते का वसईपर्यंत?

कोलशेतकर
@नेरूळ_नाका लोकलचं स्टेशनवर विचारून घ्या, पण रो-रो सोपी. ठाण्याला या, इथून बरोबर जाऊ. भरती-ओहोटीप्रमाणे वेळा बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

मासुंदा
सगळ्यांचं दोनदा वाचलं. दादा आता पुण्यात असतो, त्याला धागा पाठवला. त्याचा लगेच फोन, "वाडी आठवते का तुला?" मला एवढंच आठवतं की विहिरीजवळ पांढरा क्रूस होता, त्याच्या पायाशी चाफा, आणि घराचं दार निळं.

पारनाका
मासुंदा, लाल लुगडं म्हणजे सामवेदी कुपारी, वसईतला एक ख्रिस्ती समाज. पांढरा क्रूस आणि चाफा वसईत शंभर ठिकाणी सापडेल 🙂 पण किल्ल्याकडून पारनाक्याला येताना की पारनाक्यावरून स्टेशनकडे जाताना? तेवढं सांगा. माझा भाऊ तिकडेच फुलं गोळा करायला फिरतो, विचारेल. आजी असतील-नसतील, घर सापडेल.

मासुंदा
पारनाक्याच्या अलीकडे. डावीकडे. विड्याच्या पानांचा मांडव लागून होता. मेणवलीच्या घंटेचा फोटो मी काढलाय, छापून घेते.

कोलशेतकर
येत्या रविवारी पहाटे ५ ला गायमुखच्या पायथ्याशी भेटू. पुढचा-मागचा दिवा आणा, एक जास्तीची ट्यूब. दशम्या कोण आणणार?

तिखटमीठ
मी!! सायकल नाही चालवता येत, पण दशम्या गायमुखला आणून देईन.