पौलाचा काळ: करिंथपासून मोजावा
काही जण म्हणतात की ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याच्या आयुष्यातलं एकही साल धरता येत नाही. करिंथ या ग्रीक शहरातला मुक्काम मात्र नक्की धरता येतो. बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' अध्याय १८ प्रमाणे तो तिथे दीड वर्ष राहिला, अक्विल्ला-प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू करून पोट भरलं, आणि त्याला अखया या रोमन प्रांताचा सुभेदार गल्लियो याच्यापुढे उभं केलं गेलं. ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखात क्लॉडियस या रोमन सम्राटाने याच गल्लियोचं नाव घेतलंय. त्यातल्या सम्राटाच्या २६व्या जयघोषावरून (विजयानंतर सम्राटाला जाहीरपणे मिळणारा मान, तो क्रमाने मोजला जाई) तो लेख इ.स. ५२ चा ठरतो. सुभेदारी सहसा वर्षभराची, म्हणजे सुनावणी ५१-५२ ची. पौलाच्या गलतीकरांस पत्रात त्याच्या यरुशलेमच्या दोन भेटींसाठी ३ आणि १४ वर्षं सांगितली आहेत; ती इथून मागे मोजतात, आणि घोळ तिथेच होतो: ती एकापुढे एक धरायची, की दोन्ही पौलाच्या परिवर्तनापासून, म्हणजे तो ख्रिस्ताचा अनुयायी झाला तेव्हापासून? त्यावर परिवर्तनाचं साल तीनेक वर्षं मागेपुढे होतं.