नुसत्या घेराने भागत नाही
भोपळ्याचा घेर मोजला की त्याचं वजन कळतं, हे अर्धंच खरं. बसका आणि उंच भोपळा घेराने सारखे असू शकतात. म्हणून अमेरिकेत ‘अटलांटिक जायंट’ ही अवाढव्य भोपळ्यांची जात लावणारे तीन मापं घेतात: जमिनीला समांतर घेर, मग वरून टेप टाकून देठाकडून टोकाकडे आणि एका कुशीकडून दुसरीकडे, दोन्ही जमिनीपासून जमिनीपर्यंत. तिन्हींची बेरीज तक्त्यात बघून वजनाचा अंदाज घ्यायचा. तरी आतल्या गराची जाडी टेपला कुठे दिसते? २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या स्पर्धेतला १२४७ किलोचा विक्रमी भोपळाही शेवटी काट्यावरच ठरला. मला तर रोजची मापं वाढ बघायलाच जास्त उपयोगी वाटतात. भरात दिवसाला २० किलोंहून अधिक चढतात, आणि वाढ फारच उसळली तर भोपळा तडकायची धास्ती.