झिरपंथाचं गुपित फोडायचं का नाई? (पैलथड, भाग दुसरा)

खारपाणपट्टा:
ज्यायनं पहिला भाग वाचला नाई त्यायच्यासाठी थोडक्यात. पैलथड ही आपण चार-पाच जण मिळून लिहून रायलो ती दुनिया, दोन चंद्र, एकच मोठी नदी, अन् त्या नदीकाठी तीनशे वर्षांआधी झिरपंथ नावाचा पंथ होता जो आता पार मेला. देऊळ नाई, मूर्ती नाई, पोथी नाई. काही घरांत जात्याच्या खोलीतली फरशी उचलली की पायऱ्या लागतात, तळाशी वीतभर पाणी, भिंतीवर चुन्यानं उमटवलेले हात. दीक्षा घेतलेला माणूस बायकोलेही सांगत नसे. आता दुसऱ्या भागात आपल्या कथेतली पोरगी कुवारी त्या पायऱ्या उतरणार, अन् वाचक विचारणारच की हे लोक लपवत काय होते?

माझं मत साफ आहे. लपवत होते ते पाणीच. मंत्रबिंत्र काही नाई, बाराही महिने न आटणारा झिरा कुठं आहे तेवढंच त्यायचं ब्रह्मज्ञान. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहीर खोदली तर पाणी लागते पण तोंडात धरवत नाई, अशा मुलखात ज्या घराले गोड्या पाण्याची जागा माहीत आहे त्या घराचा पंथ होणारच. अन् मेला तो एका दुष्काळात. सगळ्या गावाचे ओठ फाटले अन् पाच घरांचे नाई, तेव्हा न सांगता सगळ्यायले समजलं.

आसराईचा_गोटा:
काऊन बे, पाण्याचा देव कधी गुप्त असते का? आमच्या इकडं विहिरीपाशी, डोहापाशी सात गोटे शेंदूर फासून ठेवले असतात, साती आसरा, येणाऱ्याजाणाऱ्याले दिसतात, बाया खणा-नारळानं ओटी भरतात. पाऊस तानला की पोट्टे अंगाले कडुलिंबाचा पाला बांधून "धोंडी धोंडी पाणी दे" करत दारोदार फिरतात अन् घरोघरची बाई डोक्यावर तांब्याभर पाणी ओतते, आता इतकं तानलं असताना तांब्याभर पाणी ओतायचं म्हणजे काय ते समजून घ्या. हे सगळं चव्हाट्यावर चालते. पाणी मागाले अख्खं गाव लागते. फरशीखाली झाकून ठेवलं तो पाण्याचा पंथ नाई राज्या, तो तिजोरीचा पंथ.

पायरीपाशी:
तिजोरी म्हणालात ते बरं झालं, पण पुढचं कोणी बोलत नाही. त्या पायऱ्या कोणाच्या घराखाली होत्या? पाच घरं गोडं पाणी पित होती तेव्हा नदीच्या खालच्या अंगाची वस्ती काय पित होती ते पहिल्या भागात एका ओळीत पण नाही. महाडचं चवदार तळं काही गुप्त नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं, गुराढोरांना पण मोकळं होतं. 1924 ला नगरपालिकेनं ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता, तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोक घेऊन जावं लागलं तेव्हा कुठं ओंजळभर पाणी घेता आलं. म्हणजे पाणी लपवायला फरशी लागतच नाही. तुमच्या लिहिण्यात झिरपंथी लोक फार सोज्वळ वाटतात, चुन्याचे हात काय, दोन चंद्रांचा उजेड काय. मला तरी त्यांच्याबद्दल हळहळ वाटत नाही. कुवारी जर त्या पाच घरांतल्याच कोणाची पणती असेल तर मी आत्ताच सांगतो, कथा फुसकी होणार.

सकळलिपी:
वरचे मुद्दे पटतात पण पंथ मेला कसा याचं गणित मला जुळत नाहीये. गुपित ठेवल्यानं पंथ मरत नाही. आपल्याच रिद्धपूरकडं बघा ना, महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये उतरवून ठेवले, बाहेरच्याला ते वाचताच येत नव्हते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली तेव्हा कुठं बाहेरच्या अभ्यासकांना वाट मिळाली, आणि पंथ आजही जिवंत आहे. उलट प्राचीन ग्रीसमधल्या एल्युसिसचा गुप्त दीक्षाविधी घ्या. दीक्षेआधी समुद्रात अंघोळ, मग चालत यात्रा, मग बंद सभागृहात काहीतरी दाखवायचे, आणि ते फोडलं तर मृत्युदंड. हजारेक वर्षं चाललं, चौथ्या शतकाच्या शेवटी बंद पडलं, आणि आत नेमकं काय दाखवायचे हे आजही कोणाला ठाऊक नाही. फरक एवढाच की एकांनी लिहून ठेवलं, दुसऱ्यांनी नाही. झिरपंथ लिहीत नव्हता म्हणून संपला, बास. आणि म्हणूनच गुपित फोडू नका. कुवारी खाली उतरेल, पाणी बघेल, आणि तिला काहीही कळणार नाही.

खारपाणपट्टा:
@सकळलिपी तीनशे पानं वाचून "काहीही कळलं नाही" म्हणलं तर वाचक आपल्याले जोड्यानं मारतील. एल्युसिसचं ठीक आहे, तिथं खरंच कोणाले माहीत नाई, इथं दुनिया आपणच बनवली, आपल्याले माहीत नाई म्हणणं ही पळवाट.
@पायरीपाशी तुमचा राग माझ्याच बाजूनं जाते. गुपित मंत्राचं असतं तर तुम्ही भडकले असते का? पाण्याचं आहे म्हणून भडकले. कुवारी त्या घरातली नाईच, फरशा बसवणाऱ्याची पणती आहे. त्यानं फरशी बसवली, खाली काय आहे ते पाह्यलं, अन् दुसऱ्या दिवसापासून तो कोणाले दिसला नाई.

पायरीपाशी:
हे पहिल्या भागात का नव्हतं मग??

मामातलाव_भंडारा:
मी उशिरा आलो. तुम्ही सगळे पाणी आटलं का गुपित फुटलं त्यातच अडकले. आमच्या झाडीपट्टीत पाणी तिथंच राहते, वाटणारा जाते. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात, पाळीवर कोलासुराचं ठाणं आहे, चहूकडच्या टेकड्या म्हणजे सातबहिणी. असे मालगुजारी तलाव, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारायच्या ताब्यातले, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत हजारोनं आहेत. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार काही साधुसंत नव्हते, गेले ते बरंच झालं, पण धानाच्या कोणत्या बांधीले आधी पाणी सोडायचं अन् गाळ कोण काढणार हे ज्यायच्या डोक्यात होतं त्यायले कोणी विचारलं नाई, अन् कितीतरी तलाव गाळानं भरले. तुमचा पंथ तसा मरू द्या. राजानं एक दिवस हुकूम काढला, झिरे खालसा. पाणी हाय, पायऱ्या हायेत, आंघोळीची पाळी कोणाची ते सांगणारा नाई. दुष्काळ कायले पायजे?

खारपाणपट्टा:
भाऊ, जे राजाले माहीतच नाई ते तो खालसा कसं करन? तुमचे तलाव उघडे होते म्हणून गेले. मी दुष्काळावर ठाम आहे.

मामातलाव_भंडारा:
फरशीवाल्याले माहीत होतं ना. तोच गेला असन राजाकडं. म्हणून तर दिसला नाई.

सकळलिपी:
हे चांगलं आहे. नाइलाजानं म्हणतो, पण चांगलं आहे.

आसराईचा_गोटा:
तुम्ही लोक राजावर पोचले अन् पाण्याची चव कोणीच ठरवली नाई. लोणारले कमळजा देवीपाशी सासू-सुनेची विहीर हाय, एका अंगाचं पाणी गोड अन् दुसऱ्या अंगाचं खारट म्हणतात, सरोवर तर पुरं खारट अन् वरतून गोमुखाची धार गोड. तसा ठेवा झिरा. एकाच कुंडात दोन चवी, अन् दीक्षा म्हणजे कोणत्या पायरीवर उभं राहून ओंजळ भरायची तेवढंच. चुकला तो खारट पिते अन् घरी जाते. फरशीवाल्यानं राजाले पायऱ्या दाखवल्या, पायरी नाई सांगितली. अन् @खारपाणपट्टा, नकाशा टाक बे लवकर, नदीची खालची वस्ती दाखवून, नाईतर चौथं प्रकरण मी लिहीत नसतो.