शाळेचा पट आणि शालेय स्पर्धा: तुमचे अनुभव सांगा

माणगंगा
भाचीच्या शाळेच्या खो-खो संघाचा तालुक्याच्या मॅचचा व्हिडिओ आलाय. एका डावानं हरल्या. शाळा आठवी ते दहावीची, पट 64, त्यात मुली 29. तेवढ्यांतून बाराजणी उभ्या करायच्या म्हणजे जवळजवळ निम्म्या मुली संघातच. समोर तालुक्याच्या गावची शाळा, पट दोन हजारांच्या वर. पहिली तुकडी बघता बघता बाद. शेवटच्या तुकडीतली एक मुलगी खांबाला वळसा घेताना घसरली, गुडघ्याला चिकटलेला मुरूम हातानं झाडला आणि पुन्हा पळायला लागली. पंचांनी शिट्टी देईपर्यंत बाद झाली नाही.

आमच्या वेळीही हेच होतं. मॅचच्या आदल्या दिवशी सर वर्गात यायचे आणि विचारायचे, "अजून दोघं कोण येताय रे?"

मला मनापासून विचारायचंय. कुस्तीत वजन बघतात. वयाचे 14, 17, 19 असे गट आहेत. मुलामुलींचे संघ वेगळे. मग सांघिक खेळात शाळेचा पट का बघू नये? तालुक्याला लहान शाळांचा वेगळा गट ठेवा, दोन्ही गटांचे विजेते जिल्ह्याला पाठवा. तिथून पुढे सगळे एकत्र खेळू देत. तुम्ही अशा शाळेतून खेळला असाल, कुठल्याही बाजूनं, तर लिहा.

रानजाई
आमची नववी-दहावी मिळून अकरा मुली. बारावी मुलगी कधी नव्हतीच. कागदावर आठवीतल्या एकीचं नाव घालायचे, ती पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. एकदा कॅप्टनला ताप आला आणि तिला मैदानात उतरावं लागलं. सूर मारला की हो पोरीने!! अख्खी जीप तिचं नाव घेत गावात आली. हरलो होतो तरी.

पीटीचे_सर
निवृत्त क्रीडाशिक्षक आहे म्हणून थोडं सविस्तर. लहान शाळेत खेळाला स्वतंत्र शिक्षक नसतो. चित्रकलेचे किंवा गणिताचे सर शिट्टी घेऊन उभे राहतात. खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी, ओळखपत्रं, जन्मतारखेचे दाखले, मुख्याध्यापकांची सही, जीपचं भाडं, हे सगळं तेच बघतात आणि सोमवारी दहावीचे तास पण घेतात. एवढं करून पहिल्याच फेरीत मोठी शाळा समोर आली की वीस मिनिटांत परत जीपमध्ये. दोन-तीन वर्षं असं झालं की शाळा संघ पाठवणंच बंद करते, आणि ते कुठल्याही निकालपत्रकात दिसत नाही. वेगळ्या गटाला माझा पाठिंबा आहे. अडचण एवढीच की मैदान, पंच आणि भत्ता एका दिवसाऐवजी दोन दिवसांचा लागेल. तो कोण देणार ते आधी ठरवा.

कोथरूडची_आई
दुसरी बाजू सांगते. मुलगा पुण्यातल्या मोठ्या शाळेत, एकेका इयत्तेच्या सहा तुकड्या. कबड्डीच्या निवडीला एवढी मुलं की सरांनी प्रत्येकाला एक चढाई दिली आणि यादी लावून टाकली. हा रोज संध्याकाळी सोसायटीत पकडींचा सराव करायचा. यादीत नाव नाही. नंतर कुठल्याच खेळाचं नाव काढलं नाही त्याने. लहान शाळेत असता तर सातात आला असता, डोळे झाकून. मोठ्या शाळांना दोन संघ उतरवू द्या असं मला वाटतं. (कुकरची शिट्टी झाली, नंतर येते)

डॅलसवाला
इथे टेक्सासमध्ये हे रीतसर आहे. शाळांचे 1A (सगळ्यात लहान) ते 6A (सगळ्यात मोठ्या) असे वर्ग, पटावरून ठरतात, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा आखणी होते. आखणीचा दिवस इथे सणासारखा, कोच लोक सकाळपासून फोनवर. सगळ्यात लहान शाळांसाठी अमेरिकन फुटबॉलचा खेळच वेगळा केलाय: अकराऐवजी सहा-सहाजणांचा! त्यासाठी पट साधारण शंभराच्या आत लागतो. आम्ही एकदा पश्चिम टेक्सासात एका गावात मॅच बघितली. पेट्रोल पंप, चर्च, शाळा, संपलं गाव. पण स्टँड भरलेला.

माझी मुलगी 6A शाळेत आहे. व्हॉलीबॉलला तिचंही कोथरूडच्या ताईंच्या मुलासारखंच झालं. तेव्हा पट बघून गट केले की लहान शाळा वाचतात, मोठ्या शाळेतल्या मुलांचा प्रश्न तसाच राहतो.

इंडियानातून_सदा
विरुद्ध मत मांडतो. आमच्या राज्यात बास्केटबॉलला 1997 पर्यंत एकच स्पर्धा होती, शाळा केवढीही असो. 1954 साली मिलन नावाच्या खेड्यातली 161 मुलांची शाळा राज्याच्या फायनलला गेली. समोर मन्सी सेंट्रल, कैक पटींनी मोठी. शेवटच्या क्षणी बॉबी प्लंपनं बास्केट केली, 32-30. इथली म्हातारी माणसं ते अजून डोळ्यांत पाणी आणून सांगतात. 1997 नंतरच्या मोसमापासून मात्र पटावरून चार वर्ग झाले. आता दरवर्षी चार शाळा राज्यविजेत्या, पण माझ्या शेजाऱ्याला गेल्या वर्षीच्या चौघांची नावं सांगता येत नाहीत. शेजारच्या केंटकीनं मात्र बास्केटबॉलला अजून एकच स्पर्धा ठेवलीय.

लहान शाळेला मोठ्या शाळेला हरवायची संधीच काढून घेणार का तुम्ही?

माणगंगा
@सदा, मिलनची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पण त्याच वर्षी पहिल्या फेरीत गारद झालेल्या खेड्यातल्या शाळा किती असतील? त्यांची गोष्ट कोण सांगणार? आणि मी संधी काढून घेत नाहीये. जिल्ह्याला एकत्रच खेळायचं आहे.

सातारी_कंदी
माण तालुक्यातले का तुम्ही? ललिता बाबर तुमच्याच तालुक्यातली, मोही गावची. 2016 ला रिओमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला पळाली, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो.

यावरून सुचलं ते लिहितो. पळायला एकच पोरगी लागते. म्हणून लहान गावातून धावपटू वर येतात. खो-खोला बारा लागतात, त्या आणायच्या कुठनं? पटाचा गट फक्त सांघिक खेळांना करा, ॲथलेटिक्सला हात लावू नका.

माणगंगा
हो, दहिवडीजवळ! तुम्ही कुठले?

सातारी_कंदी
वडूज. सासुरवाडी म्हसवड. सिद्धनाथाच्या यात्रेला येतो दरवर्षी.

कांगा_मैदान
पट बाजूला ठेवा, ताकद बघा. मुंबईत शाळांच्या फुटबॉलला डिव्हिजन असतात, चांगले संघ वरच्या डिव्हिजनला, बाकीचे खाली. लहान शाळा चांगली खेळली तर तीही वर येते. हे जास्त न्याय्य आहे.

आणि विषमता म्हणजे काय ते आठवा. जानेवारी 2016, कल्याण, शाळांची क्रिकेट मॅच. प्रणव धनावडेच्या नाबाद 1009. तो पोरगा जबरदस्तच खेळला, त्याचं कौतुक करताना हात आखडता घेऊ नये. पण संघाची धावसंख्या 3 बाद 1465, आणि समोरच्यांच्या 31 आणि 52. एक डाव आणि 1382 धावांनी निकाल. समोरच्या शाळेचे नेहमीचे खेळाडू नव्हते, लहान पोरं उतरवली होती असं तेव्हा छापून आलं होतं. बॉल आणायला सीमारेषेपर्यंत धावणारी ती मुलं नंतर क्रिकेट खेळली का, हे कुणी विचारलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

रानजाई
😢 हे त्या बाजूनं कधी मनातच आलं नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा
पट-बिट सोडा हो, मैदान पाहा. आमची आश्रमशाळा, पट जेमतेम. पण पोरं तिथंच राहतात, सकाळी साडेपाचला मैदानावर. शहरातल्या मोठमोठ्या शाळांना कबड्डीत दोन-दोन लोण चढवून यायचो. त्यांच्याकडं पोरं हजार, पण मैदानावर इमारत उभी. मग लहान गटात आम्हाला टाकलं तर बाकीच्या लहान शाळांनी आमच्याशी कसं खेळायचं? हा अन्यायच व्हईन.

डॅलसवाला
@ठेचा, यावर इलिनॉय राज्यात एक तोड आहे. खासगी शाळा कुठूनही मुलं घेऊ शकतात, म्हणून त्यांचा पट 1.65 ने गुणून मग वर्ग ठरवतात. निवासी शाळांना आपल्याकडे असं काही करता येईल.

वऱ्हाडी_ठेचा
चालते. आम्ही वरच्या गटात खेळू, आम्हाला काही भेव नाही.

कोथरूडची_आई
आले परत. खेळाडूंना दहावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांची कुणाला माहिती आहे का? भाच्यासाठी विचारतेय, तलवारबाजी खेळतो.

पीटीचे_सर
ताई, शाळेकडून प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो, प्रमाणपत्राच्या प्रती लावा, मुदत चुकवू नका. आणि तुमच्या प्रश्नातच या धाग्याचं एक उत्तर आहे. तालुक्यातला निकाल या गुणांना चालत नाही, वर जावं लागतं. लहान शाळेचा सांघिक खेळाडू तालुक्यातच थांबतो, म्हणजे त्याला ते गुण कधी मिळतच नाहीत. दोन गटांचे विजेते जिल्ह्याला गेले तर निदान दरवाजा उघडेल.

इंडियानातून_सदा
हा मुद्दा मला माहीत नव्हता. इथे खेळावर बोर्डाचे गुण नाहीत. तालुक्यापुरता वेगळा गट असेल तर माझा विरोध मागे घेतो. राज्यापर्यंत मात्र नको, तिथे एकच विजेता हवा.

चहाबाज
मॅचनंतरचा वडापाव कुणाच्या लक्षात आहे? सर स्वतःच्या खिशातून द्यायचे. हरलो की दोन.

रानजाई
आम्हाला भेळ!

माणगंगा
सगळ्यांचे आभार. @सर, हे कुणापुढे मांडायचं? भाचीच्या शाळेचे मुख्याध्यापक तयार आहेत, पण एकट्या शाळेचं कोण ऐकणार?

पीटीचे_सर
एकट्यानं जाऊ नका. मोसम सुरू होण्याआधी तालुक्याच्या क्रीडाशिक्षकांची नियोजनाची सभा होते. तिथे तोंडी बोललेलं हवेत जातं, लेखी द्या. यू-डायसवरून (शाळांची सरकारी माहिती असते ती) तालुक्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांचा पट काढा. त्याशेजारी मागच्या तीन वर्षांत कुणी संघ पाठवला आणि कुणी बंद केला ते लिहा. दहा लहान शाळांच्या मुख्याध्यापकांच्या सह्या घ्या. आणि मागणी एकाच खेळाची ठेवा, खो-खो मुली. सगळे खेळ एकदम मागितले की पंचांचा प्रश्न काढून फाईल बंद करतात.