मदत हवी आहे: हायबरनेटमध्ये इनहेरिटन्स कुठल्या पद्धतीने करू?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. पिंपळगाव बसवंतच्या एका व्यापाऱ्यासाठी मालाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर बनवतोय, जावा, स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस डेटाबेस, मध्ये हायबरनेट (जावाचे क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी). शेतमाल हा बेस क्लास आणि त्याखाली इनहेरिटन्सने (त्याचे गुण वारशाने घेणारे) द्राक्ष, कांदा, टोमॅटो. वजन, भाव, शेतकरी हे सगळ्यांना कॉमन, पण द्राक्षाला मण्याची साईज आणि गोडी लागते, कांद्याला गोणी नि प्रतवारी.

आत्ता सिंगल टेबल (सगळी पिकं एकाच टेबलात) ठेवलंय, हायबरनेटचा डिफॉल्टच तो, आणि क्वेरी पळतात पण छान, जॉईन (टेबलं एकमेकांना जोडणं) नाही काही नाही. पण अडचण अशी की द्राक्षाच्या कॉलमला नॉट नल (रिकामं चालणार नाही अशी अट) लावता येत नाही कारण कांद्याच्या ओळीत तो रिकामाच राहणार ना, आणि मला तर डेटाबेसनेच चुकीची नोंद अडवायला हवीय, शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे हो तो. डीटाईप (ओळ कुठल्या पिकाची ते सांगणारा कॉलम) बघून चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसमधली तपासणीची अट) टाकता येईल, पण प्रत्येक नव्या पिकाला तो हाताने बदलत बसायचा का?

जॉईन्ड (कॉमन माहितीचं एक टेबल, शिवाय प्रत्येक पिकाचं वेगळं) केलं तर टेबलं स्वच्छ होतात, नॉट नलही लागतं, पण रोजच्या सौद्यांची यादी काढताना सगळ्या पिकांची टेबलं जॉईन होणार. हंगामात ही यादी दिवसभर उघडी असते. टेबल पर क्लास (प्रत्येक पिकाचं पूर्ण वेगळं टेबल) नको, तिथे युनियन (सगळ्या टेबलांचे निकाल एकत्र करणं) येतं. मॅप्ड सुपरक्लासही नको, तिथे बेस क्लासला स्वतःचं टेबल नसतं आणि मला तर सौद्यातून थेट शेतमालाला रेफरन्स द्यायचाय.

आठ-दहा पिकं झाल्यावर जॉईन्ड खरंच जड जातं का? कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर प्लीज सांगा, माल यायला लागायच्या आत स्कीमा (टेबलांची रचना) पक्की करायचीय.